मठस्वामिनींच्या मुलखात

कोलोनच्या स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथीड्रलचे दोन काळे मनोरे अंगावर येतात आणि बहुतेक प्रवाशांचा दिवस तिथेच संपतो. मीही मान अवघडेपर्यंत वर बघितलं. पण मला जायचं होतं दक्षिणेला, झांक्ट मारिया इम कापिटोल या चर्चकडे. बँका, चपलांची दुकानं आणि ट्रामचे रूळ यांच्या मागे ते असं दडलेलं आहे की हमरस्त्यावरून दिसतच नाही. एका बुटक्या जुन्या कमानीखालून आत शिरलं की फरसबंद चौक लागतो. पूर्वी ही दफनभूमी होती. आता तिथे गेर्हार्ड मार्क्स या शिल्पकाराने १९४९ मध्ये घडवलेली एक शोक करणारी स्त्री उभी आहे, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणासाठी. तिच्या मागे चर्चची गोल, भक्कम, विनानक्षीची भिंत. ती भिंत बांधून घेतली ईदा नावाच्या एका बाईने, जवळपास हजार वर्षांपूर्वी.

ईदा इथल्या मठाची मुख्य होती. मठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे संसार सोडलेली, भगवी किंवा पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं येतात. हे मठ तसे नव्हते. सरदार-राजघराण्यांतल्या मुली इथे शिकायला येत, लॅटिन वाचत, प्रार्थनेच्या वेळा पाळत. पण त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येई, नोकरचाकर ठेवता येत, आणि मनात आलं तर मठ सोडून लग्नही करता येई. कायमची बांधलेली असे ती फक्त मठस्वामिनी. तिच्या हाती जमीन, वसुली, न्यायनिवाडा सगळं असे. ईदाची आजी म्हणजे बायझंटाईन घराण्यातून आलेली सम्राज्ञी थिओफानू आणि आजोबा सम्राट ओटो दुसरा. एक बहीण पोलंडची राणी झाली. बाकीच्या बहिणी बहुतेक सगळ्या मठस्वामिनी झाल्या. भाऊ हेर्मान कोलोनचा आर्चबिशप.

आत शिरल्यावर काही क्षण दिशाच कळत नाही. नेहमीच्या चर्चमध्ये नजर सरळ पुढे धावते आणि वेदीपाशी थांबते. इथे पुढे गेलं की भिंती तीन बाजूंनी गोल फिरतात. पूर्वेला एक अर्धवर्तुळ, उत्तरेला एक, दक्षिणेला एक, आणि तिन्हींना बिलगून जाणारी खांबांची प्रदक्षिणावाट. मी त्या वाटेने फिरले. आपल्याकडे देवळात उजवा हात देवाकडे ठेवून चालायची पायांना सवय असते. इथे तसा काही नियम नाही, पण पाय आपोआप त्याच बाजूने वळले. हा आराखडा बेथलेहेममधल्या ख्रिस्तजन्माच्या चर्चवरून सुचला, असं अभ्यासक म्हणतात. मेरीच्या नावाचं चर्च बांधायचं तर मेरी जिथे बाळंत झाली त्या जागेची आठवण जमिनीवर उमटली पाहिजे, हा विचार करणारी बाई नुसती पैसे देऊन बाजूला बसणारी नव्हे. १०४९ मध्ये पोप नववा लिओ इथे आला आणि त्याने एका वेदीची प्रतिष्ठा केली. पूर्वेकडचा भाग पुरा होऊन त्याची प्रतिष्ठा व्हायला १०६५ साल उजाडलं. ईदा १०६० मध्येच गेली होती.

पश्चिमेच्या टोकाला मागे वळून पाहिलं तर एका उंच कमानीत खांबांची दुमजली जाळी दिसते. आखेनला शार्लमेनने जे राजचर्च बांधलं, त्याची ही खूण. म्हणजे एका टोकाला बेथलेहेम आणि दुसऱ्या टोकाला आखेन. देवाची आई एका बाजूला, साम्राज्याचा मूळपुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मधे ईदाच्या बायका रोज प्रार्थना म्हणत होत्या.

मेणबत्त्यांच्या टेबलापाशी एक आजीबाई बसल्या होत्या. गुडघ्यांवर लोकरी शाल, समोर सुट्या नाण्यांची वाटी. मी बराच वेळ रेंगाळते आहे हे पाहून त्यांनी हळूहळू, शब्द निवडत इंग्रजीतून बोलायला सुरुवात केली. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी चर्च खिळखिळं झालंच होतं, पण पूर्वेचं अर्धवर्तुळ कोसळलं ते युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये. बांधून पुरं व्हायला १९८४ साल आलं. ‘‘माझं अर्धं आयुष्य इथे पहाड होती,’’ असं त्या म्हणाल्या. त्या बांधकामाच्या मचाणाबद्दल बोलत होत्या, हे त्यांनी हातांनी करून दाखवलेल्या आडव्या-उभ्या काठ्यांवरून कळलं. मग स्वतः उठून त्यांनी मला लाकडी दरवाज्यापाशी नेलं.

हा दरवाजा हे या चर्चचं खरं आश्चर्य. पावणेपाच मीटरच्या आसपास उंच, ईदाच्याच काळातला, आणि लाकडाचा. बॉम्ब पडले, छप्पर पडलं, लाकूड टिकलं. सव्वीस चौकटींत ख्रिस्ताचं चरित्र कोरलेलं आहे. माणसं ठेंगणी, डोकी मोठी, हात कामाच्या माणसासारखे जाड. हेरोडसमोर आलेले तीन ज्ञानी पुरुष, पळून जाणारं कुटुंब, गाढवावरचा ख्रिस्त. निरखून पाहिलं तर घड्यांत अजून रंग अडकलेला दिसतो. एकेकाळी हे सगळं लाल-हिरवं-निळं झगझगत असणार. ज्यांना लॅटिन येत नव्हतं त्यांच्यासाठी हे दार म्हणजे पोथी. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. या प्रवासात मला पुढे सतत हेच दिसत राहिलं, की घडवणारा हात निनावी राहतो आणि घडवून घेणारीचं नाव उरतं. याची हळहळ वाटते. पण त्या घडवून घेणाऱ्यांत इतक्या बायका होत्या, हेही तितकंच खरं आहे, आणि ते आपल्याला कुणी शाळेत सांगितलेलं नसतं.

दुपारी कोलुंबा संग्रहालयात गेले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या अवशेषांवर पीटर त्सुमथोर या स्विस वास्तुकाराने ही करड्या विटांची इमारत उभारली, २००७ मध्ये. आत पाट्या जवळजवळ नाहीत. लोक कुजबुजतही नाहीत. एका खोलीत ईदा आणि हेर्मान या भावंडांचा क्रूस भेटला. सोनेरी मुलामा दिलेलं ख्रिस्ताचं शरीर, आणि त्यावर गडद निळं, लहानसं, स्त्रीचं डोकं. ते लाजवर्दाचं डोकं रोमन आहे, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचं. हजार वर्षं जुनं रोमन रत्न कुणीतरी जपलं, आणि ख्रिस्ताच्या धडावर बसवलं. मागच्या बाजूला मेरीच्या पायाशी हेर्मान आणि ईदा कोरलेले आहेत. त्या काळी जुनी रत्नं म्हणजे सम्राटांच्या अंगावरून उतरलेलं वैभव, आणि तसं वैभव देवाला वाहणं हीच भक्ती. तरीही त्या निळ्या चेहऱ्यासमोर उभी असताना मला वाटत राहिलं, की ईदाने रोज हा क्रूस पाहिला असेल तेव्हा त्यातला बाईचा चेहरा तिला दिसलाच असणार.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, आणि कार्निव्हलचा तो खास बायकांचा गुरुवार. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी जुन्या बाजारचौकात जल्लोष सुरू होतो आणि त्या दिवसापुरतं शहर बायकांचं. हातात कात्र्या घेऊन त्या पुरुषांचे टाय कापतात. पुरुषही त्यासाठी मुद्दाम जुना टाय बांधून येतात आणि कापल्यावर गालाचा मुका मिळतो. माझी भाची तिथे नोकरी करते. ती वाघिणीचे कान लावून ऑफिसला गेली होती, आणि परत आली तेव्हा तिच्या पर्समध्ये टायचे तुकडे होते. साठीच्या बायका मधमाश्या झालेल्या, आज्या चाच्यांच्या वेशात, सगळ्या गळ्यात गळे घालून गात होत्या. परक्या माणसालाही त्या साखळीत ओढून घेत. आपल्याकडे शिमग्यात एवढा मोकळेपणा पुरुषांच्या वाट्याला येतो, बायका बहुतेक गच्चीवरून बघतात. इथे उलटं होतं, आणि ते पाहून मन हलकं झालं. मात्र मनात ईदा होती. तिची सत्ता एका गुरुवारची नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही एका जुन्या बिअरघरात जेवलो. निळ्या एप्रनमधला वाढपी ऑर्डर विचारत नाही. उंच, अरुंद, दोन घोटांचा वाटावा असा ग्लास समोर ठेवतो, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा आणतो. ‘‘मावशी, पुरे झालं की पुठ्ठा ग्लासावर ठेव, नाहीतर तो आणतच राहील,’’ भाची म्हणाली. मला हवं होतं ते खाणं आलं. बटाटा किसून, कांदा घालून तेलात कुरकुरीत तळलेल्या चकत्या, उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाची सख्खी बहीण, आणि सोबत गोड सफरचंदाचा गर. शेजारच्या टेबलावरचे लोक ओळखदेख नसताना आमच्याकडे वळून ‘चांगलं लागतंय ना’ अशा अर्थाचं काही म्हणाले. जर्मन माणूस घुमा असतो हे मी ऐकून होते. ऱ्हाइनकाठी ते लागू पडत नाही.

एसेनकडे जाताना ऱ्हाइनचं सपाट खोरं मागे पडतं आणि एक शहर कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं हे कळेनासं होतं. रूरचा हा कोळसा-पोलादाचा पट्टा. क्रुपचे कारखाने इथले. मी काजळी शोधत होते. खिडकीबाहेर मात्र बर्चची झाडं, कालवे, टेकड्यांसारखे वाढलेले आणि आता गवताने झाकलेले खाणीतल्या मातीचे ढीग होते. स्टेशनातून बाहेर पडलं की थेट खरेदीचा रस्ता, गाड्यांना बंदी असलेला. कपड्यांची दुकानं, भाजलेल्या बदामाचा वास, पिशव्या घेतलेली माणसं. आणि त्यांच्या मधोमध, दुकानांच्या रांगेतच उभं असावं तसं एसेनचं चर्च. मोठी पायऱ्यांची उतरण नाही, दिमाखदार दर्शनी भाग नाही. शहर मठाभोवती वाढलं, त्यामुळे मठ शहराच्या पोटातच राहिला. मठ आला आल्टफ्रिडमुळे, साधारण ८४५ मध्ये. तो पुढे हिल्डेसहाइमचा बिशप झाला, आणि तळघरात त्याची समाधी आहे. १०४१ मध्ये राजा तिसऱ्या हाइनरिशने मठाला बाजार भरवायचा हक्क दिला, संत कॉस्मस आणि डामियन यांच्या सणाच्या आसपास. तो हक्क घेतला तेव्हा मठस्वामिनी होती थिओफानू, ईदाची बहीण, आजीचं नाव लावलेली. आज त्या रस्त्यावर बूट विकत घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या बाजाराची पहिली सनद एका बाईच्या मठाला मिळाली होती!

मी पश्चिमेकडच्या अंगणातून आत गेले आणि समोर कोलोनमधली ती खूण पुन्हा दिसली. तीच दुमजली खांबांची जाळी, तीच आखेनची आठवण, पण इथे जास्त धीट. आखेनच्या अष्टकोनाचा जणू अर्धा भाग कापून आणून भिंतीत बसवलाय. हे बांधकाम कोणाचं, यावर विद्वानांचं एकमत नाही. काही जण ते माटिल्डेच्या पदरात घालतात, काही थिओफानूच्या. माटिल्डे सम्राट पहिल्या ओटोची नात, सुमारे ९७१ पासून १०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत एसेनची मठस्वामिनी. थिओफानू १०३९ ते १०५८. माझं मन थिओफानूकडे झुकतं. कोलोनला बहीण आखेनचा दाखला देत होती त्याच वर्षांत एसेनला हिने तो दिला असेल, आणि दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली असतील, असं मला त्या खांबांपाशी उभं राहून वाटलं.

त्या जाळीपुढे माटिल्डेची सात फाट्यांची समई उभी आहे. समई म्हणवत नाही इतकी मोठी, २.२६ मीटर उंच, कांस्याच्या ४६ वेगवेगळ्या ओतीव तुकड्यांची. जोडावी-सुटी करावी अशी. खाली दिशांच्या आकृत्या बसल्या आहेत, म्हणजे उजेड चारी दिशांना जायचा हा भाव. लेख कोरला आहे, तो दिवाच स्वतः बोलतो: मठस्वामिनी माटिल्डेने मला करवून घेतलं आणि ख्रिस्ताला वाहिलं. जेरुसलेमच्या देवळातला सात फाट्यांचा दिवा हिला ठाऊक होता. पण तिने कांस्यात मागणी केली ती अशी, की गेली हजार वर्षं तो तिचं नाव घेत उभा आहे.

मग सोनेरी मेरी. उत्तरेच्या छोट्या कक्षात, काचेमागे. मी तिची छायाचित्रं पाहिली होती आणि ती मोठी असेल असं धरून चालले होते. ती ७४ सेंटिमीटर आहे. पॉपलरच्या लाकडावर पाव मिलिमीटरहूनही पातळ सोन्याचे पत्रे, इतके नीट बसवलेले की वस्त्राच्या चुण्या खऱ्या वाटतात. साधारण ९८० सालची. मेरीची अशी चारी बाजूंनी घडवलेली याहून जुनी मूर्ती आज उरलेली नाही. मीनाकाम केलेले निळे डोळे सरळ तुमच्याकडे बघतात. मांडीवर आडवं बसलेलं मूल, त्याच्या हातात ग्रंथ. तिच्या उजव्या हाताच्या चिमटीत सोन्याचा चेंडू. लाजाळूपणा नाही, करुणेचं वाकणं नाही. ही राज्य करणारी आई आहे. हे मला फार आवडलं. माटिल्डेच्या हयातीतच सम्राज्ञी थिओफानूने लहानग्या तिसऱ्या ओटोला मांडीवर घेऊन साम्राज्य चालवलं होतं. अशा बायकांच्या जगात देवाची आई अशीच दिसणार.

पिशव्या घेतलेली एक मुलगी आत आली, मेणबत्ती लावली, काचेसमोर जेमतेम मिनिटभर उभी राहिली आणि गेली. आपल्याकडे देवीला न्हाऊ घालतात, नेसवतात, पालखीतून मिरवतात. काचेमागची ही मूर्ती त्यामानाने एकटी वाटली. नंतर खजिन्याच्या दालनात कळलं की पूर्वी तिचंही तसंच होतं. मेरीच्या शुद्धीकरणाच्या सणाला, २ फेब्रुवारीला, तिला मिरवणुकीने बाहेर नेत आणि तिच्या डोक्यावर मुकुट चढवत. तो छोटा, रत्नजडित मुकुट अजून तिथे आहे.

खजिन्याच्या दालनात देखरेखीला एक उंच, पन्नाशीच्या बाई होत्या. मी क्रूसांपुढे वाकून बघते आहे हे पाहून त्यांनी मला हवं तेवढं एकटं सोडलं, आणि मग मीच विचारल्यावर भरभरून बोलल्या. १९२० च्या रूरमधल्या उठावात मूर्ती एसेनबाहेर पाठवून हिल्डेसहाइमला लपवली होती. दुसऱ्या महायुद्धात ती जीगनच्या भुयारात गेली, सैनिकांना सापडली, आणि १९४९ मध्ये घरी आली. १९४३ च्या मार्चमधल्या हल्ल्यात चर्च जळलं तेव्हा ती इथे नव्हती. ‘‘माझी आजी मूर्ती परत आली त्या दिवसाबद्दल सांगायची,’’ असं त्या बाई म्हणाल्या. कोळशाच्या गावातल्या माणसांनी सोन्याच्या आईला दोनदा वाचवलं, हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने चढला.

त्या दालनात मला सर्वांत जास्त थांबवलं ते माटिल्डे आणि ओटोच्या क्रूसाने. खालच्या बाजूला मीनाकामाची नखाएवढी चौकट. दोन आकृती, मधे एक क्रूस, दोघांनी मिळून धरलेला. नावं लिहिलेली आहेत, मठस्वामिनी माटिल्डे, ड्यूक ओटो. बहीण-भाऊ. त्यांचा बाप लिउडोल्फ, पहिल्या ओटोचा मुलगा, बापाविरुद्ध उठला, हरला, आणि ९५७ मध्ये इटलीत मेला. भाऊ ओटोला पुढे श्वाबेन आणि बायर्न या दोन डची मिळाल्या. ९८२ मध्ये दक्षिण इटलीच्या मोहिमेवरून परतताना तो लुका गावी वारला, मूलबाळ नसताना. या शाखेत आता उरली ती माटिल्डे. तिच्या घराण्याची आठवण ठेवायला ना पुतण्या, ना भाचा. मग तिने ती आठवण सोन्यात, मीन्यात, कांस्यात ठेवली. आपल्या कुळाची तिला किती ओढ होती, याचा आणखी एक पुरावा थेट इंग्लंडमधून येतो. तिची आजी ईडगिथ ही इंग्लंडच्या राजघराण्यातली. तिथल्या एथेलवेअर्ड या सरदाराने लॅटिनमध्ये इतिहास लिहिला, तो या माटिल्डेला उद्देशून. दूरच्या नातलगाकडून पूर्वजांची हकीकत मागवून घेणारी मठस्वामिनी माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभी राहिली.

मी नाशिकची. पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने भद्रायणीय भिक्षूंना ते लेणं दिलं. मेलेल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम तिने त्या भिंतीवर लिहून घेतला, आणि स्वतःला राजाची आई व राजाची आजी म्हणवून घेतलं. एसेनमधल्या क्रूसांपुढे उभं असताना मला तो डोंगर, त्या पायऱ्या, तो ब्राह्मी लेख आठवला. मुलगा गेलेली आई आणि भाऊ गेलेली बहीण, दोघींनी केलेलं काम एकच. दान द्यायचं, आणि त्या दानाच्या आडून आपल्या माणसाचं नाव काळाच्या हाती सोपवायचं.

थिओफानूची तऱ्हा वेगळी. तिच्या ग्रंथाचं मुखपृष्ठ तिथेच आहे. मधे हस्तिदंतात ख्रिस्तजन्म, क्रूसावरचा मृत्यू आणि स्वर्गारोहण, भोवती सोन्याचा पत्रा. त्या चौकटीच्या तळाशी मेरी सिंहासनावर, आणि तिच्या पायाशी एक बाई साष्टांग पडलेली. शेजारी तिचं नाव. आपल्या देवळांत पायरीवर दात्याचं नाव कोरतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून. थिओफानूची नम्रता त्याच जातीची आहे. पण तिच्या क्रूसावर मात्र तिने आपलं राजकुळ नोंदवून ठेवलं आहे. दोन्ही तिला एकाच वेळी खरं वाटत होतं, असं मी मानते.

तळघरात उतरले. थिओफानूने बांधवलेल्या या भागाची प्रतिष्ठा १०५१ च्या सप्टेंबरमध्ये झाली, आर्चबिशप भाऊ हेर्मानच्या हस्ते. चौकोनी खांब, साधे माथे, दगड थंड. वर दुकानांच्या रस्त्यावर जो गलका होता त्याचं इथे नावही नव्हतं. वरचं गॉथिक सभागृह १२७५ च्या आगीनंतर नवं बांधलेलं, उंच, सडपातळ, सुंदर. पण मन रमलं ते खालीच. तिने ज्या दगडावर हात ठेवला असेल तो इथे आहे.

चहाच्या वेळी बाहेर आले. रूरमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यांवर छोट्या टपऱ्या असतात. वर्तमानपत्र, सिगारेट, कॉफी, आणि मुलांसाठी बरण्यांतल्या रंगीत गोळ्या, नगावर मोजून कागदी पिशवीत भरून देतात. खाण-कामगारांसाठी सुरू झालेली ही पद्धत. टपरीवाला तुर्की वंशाचा, गिऱ्हाईक पोलिश आडनावाचं, आणि बोलणं फुटबॉलचं. कोलोनसारखी गळाभेट नाही, पण आडपडदाही नाही. मी भारतातून आले हे कळल्यावर ‘मग इथे काय बघताय’ हा प्रश्न सरळ आला. मठस्वामिनी म्हटल्यावर तो म्हणाला, त्याच्या मुलीला शाळेतून सोनेरी मेरी दाखवायला नेलं होतं, आणि तिने घरी येऊन तिचे निळे डोळे काढले. त्या चित्रात सोनं होतं का, हे मी विचारलं. पिवळा खडू संपवला, असं उत्तर आलं.

शेवटी ट्रामने उत्तरेला श्टोपेनबेर्गला गेले. थिओफानूनंतर आलेल्या श्वानहिल्डने इथल्या टेकडीवर एक लहान चर्च बांधलं, अकराव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात. आखेन नाही, बेथलेहेम नाही. जाड भिंतींचं, बुटकं, शेतकऱ्यांच्या वस्तीला शोभेल असं. मला ते फार जवळचं वाटलं. मोठ्या मठस्वामिनीनंतर गादीवर आलेल्या बाईने शहराबाहेरच्या माणसांसाठी काहीतरी बांधावं, यातही एक विचार आहे. गाडीवाटेवर कुत्री फिरवणारी माणसं होती. त्यांनी मान लववून नमस्कार केला, तसा इथे सगळेच करतात.

त्याच ट्राममार्गावर त्सोलफेराइनची खाण लागते. बाराव्या क्रमांकाच्या विहिरीवरचा पोलादी सांगाडा १९३२ चा, खाण बंद झाली १९८६ मध्ये, २००१ मध्ये जागतिक वारसा. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूरचं संग्रहालय आहे, एका झगझगत्या नारिंगी सरकत्या जिन्याने वर जाऊन मग मजल्यामजल्याने खाली उतरायचं. कोळसा साठवायच्या काँक्रीटच्या उदरात मध्ययुगातल्या वस्तू मांडल्या आहेत. मठाचा धागा इथेही सापडतो. एसेनची शेवटची मठस्वामिनी मारिया कुनिगुंडे, साक्सनच्या राजघराण्यातली. तिने १७९१ मध्ये लोखंड गाळायचा कारखाना काढला. १८०३ मध्ये मठाचं राज्य संपलं. १८०५ मध्ये तो कारखाना हानिएल बंधूंनी आणि याकोबीने विकत घेतला, आणि पुढच्या प्रचंड पोलादउद्योगाच्या पायात तो गेला. म्हणजे या भूमीवर कांस्याची समई ओतवून घेणाऱ्या माटिल्डेपासून लोखंडाची भट्टी पेटवणाऱ्या मारिया कुनिगुंडेपर्यंत आठशे वर्षं सलग बायकांनी धातूला आकार द्यायचा हुकूम दिला. वाटाड्या म्हणून काम करणाऱ्या, तरुणपणी इथेच खाणीत उतरलेल्या एका गृहस्थांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, खाणीत असताना त्यांच्या मनात क्रुप असायचा, मठस्वामिनी कधीच नाही, आणि ही चूक आता सुधारायला हवी.

संध्याकाळी भाचीला फोन केला. ‘‘मावशी, उद्या कुठे?’’

‘‘आखेनला. दोघी बहिणींनी ज्याची आठवण काढली तो अष्टकोन बघायचाय.’’

‘‘गर्दी असेल. लवकर निघू.’’